काटेरी कुंपणातली बॅच: मान्झानार हायस्कूल, १९४४

शाळा संपताना मुले मागे वळून पाहतात, त्यात नवल काही नाही. मान्झानार हायस्कूलच्या १९४४ च्या बॅचची गोष्ट वेगळी होती. दुसरे महायुद्ध चालू होते आणि जपानी वंशाची ही अमेरिकन मुले छावणीत कैद होती. ज्या यंत्रणेने त्यांना कोंडले होते, तिच्याच देखरेखीखाली त्यांना आपल्या शाळेच्या दिवसांचा अंक काढायचा होता. त्या अंकात काय घ्यायचे, काय सोडायचे आणि तो कोणासाठी काढायचा, हा या प्रकरणाचा गाभा आहे. विद्यार्थ्यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. जी मोजकी नावे येतात ती सार्वजनिक नोंदीतली आहेत.

पार्श्वभूमी

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली. त्यानंतरच्या काही महिन्यांत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरदार, दुकाने, शेते, बोटी सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांतले जवळजवळ दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. त्यांच्या आईवडिलांना मात्र नागरिकत्व घेण्याची कायद्यानेच बंदी होती, आणि ती १९५२ पर्यंत उठली नाही. त्यामुळे एकाच घरात मुलगा नागरिक आणि बाप 'शत्रुराष्ट्राचा परकीय' अशी स्थिती होती.

मान्झानार ही अशा दहा मोठ्या छावण्यांपैकी एक. कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स खोऱ्यात, सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या पायथ्याशी ती उभी राहिली. उन्हाळ्यात अंग भाजून निघायचे, हिवाळ्यात पाणी गोठायचे आणि धुळीची वादळे बारमाही. तिथे दहा हजारांवर माणसे छत्तीस ब्लॉकमध्ये राहत होती. लाकडी फळ्यांवर डांबरी कागद ठोकलेल्या वीस फूट रुंद, शंभर फूट लांब बराकी होत्या. एका बराकीत चार खोल्या, एका खोलीत आठ माणसांपर्यंत. एक तेलाची शेगडी, छताला लोंबणारा एक दिवा. जेवण सार्वजनिक मेसमध्ये, संडासांना आडोसा नाही. भोवती काटेरी तारा, आठ टेहळणी मनोरे आणि त्यांत बंदूकधारी सैनिक.

बॅचमधली बहुतेक मुले लॉस एंजेलिस आणि आसपासची होती. टर्मिनल आयलंड या कोळ्यांच्या वस्तीतली मुले आली ती वडिलांना एफबीआयने आधीच पकडून नेल्यावर. उरलेल्या कुटुंबांना बेट सोडायला अठ्ठेचाळीस तास मिळाले होते. वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावरून आलेली मुलेही सुरुवातीला इथेच होती. त्यांच्या जुन्या शाळेने १९४२ च्या पदवीदान समारंभात त्यांच्या खुर्च्या रिकाम्या ठेवल्या होत्या.

बॅचमध्ये एक मुलगा जपानी वंशाचा नव्हताच. राल्फ लाझो, मेक्सिकन-आयरिश वंशाचा, लॉस एंजेलिसच्या बेलमॉन्ट हायस्कूलचा. मित्रांना नेतायत हे पाहून तो स्वतःहून त्यांच्याबरोबर छावणीत गेला आणि राहिला. घरी वडिलांना वाटले, पोरगा मित्रांबरोबर सुट्टीच्या शिबिराला चाललाय. पुढे १९४४ च्या बॅचने त्याला वर्गाध्यक्ष निवडले.

शाळा कशी सुरू झाली

पहिला निर्णय प्रशासनाचा होता: हाताशी काही नसताना शाळा उघडायची की सामान येईपर्यंत थांबायचे? १९४२ च्या शरद ऋतूत शाळा उघडली. बाके नव्हती, मुले जमिनीवर बसली. पुस्तके अपुरी, खोल्या थंडगार. बाहेरून आलेल्या गोऱ्या शिक्षकांना सरकारी पगार होता. छावणीतल्या माणसांना मात्र कामाप्रमाणे महिन्याला १२, १६ किंवा १९ डॉलर ठरलेले, मग तो डॉक्टर का असेना.

अभ्यासक्रमावरूनही ताण होता. १९४२ च्या उन्हाळ्यात स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक पॉल हॅना यांच्या मार्गदर्शनाखाली छावण्यांतल्या शाळांसाठी 'समाजकेंद्री शाळे'चा आराखडा बनला होता. मुलांनी छावणीचे दैनंदिन जीवन, तिथली शेती, तिथला कारभार यांतून शिकावे, अशी कल्पना. कागदावर फार चांगली. पण पालकांना हवे होते बीजगणित, रसायनशास्त्र आणि कॉलेजात चालेल असे प्रमाणपत्र. मला पालकांचे पटते. ज्या समाजात राहायला मुलाला भाग पाडले आहे, त्याच समाजाचा त्याने आनंदाने अभ्यास करावा, ही अपेक्षा शिक्षणशास्त्रात कितीही बसत असली तरी तिच्यात एक आंधळेपणा आहे. व्यवहारात शेवटी बाहेरच्या हायस्कूलसारखेच नेहमीचे विषय शिकवले जाऊ लागले.

आणि मग ६ डिसेंबर १९४२. छावणीतल्या एका अटकेवरून जमाव जमला, लष्करी पोलिसांनी गोळीबार केला, दोघे मेले. त्यांतला एक सतरा वर्षांचा होता. शाळा काही आठवडे बंद राहिली. पुन्हा भरली तेव्हा सकाळच्या झेंडावंदनात 'सर्वांसाठी स्वातंत्र्य आणि न्याय' हे शब्द त्याच मुलांनी म्हणायचे होते.

पेच

१९४३ च्या फेब्रुवारीत सतरा वर्षांवरच्या सगळ्यांना एक प्रश्नावली भरायला दिली गेली. त्यातले दोन प्रश्न कुप्रसिद्ध झाले. सत्ताविसावा: हुकूम होईल तिथे सैन्यात लढायला तयार आहात का? अठ्ठाविसावा: अमेरिकेशी बिनशर्त निष्ठा बाळगाल का आणि जपानच्या सम्राटावरची निष्ठा सोडाल का? जी निष्ठा कधी वाहिलीच नव्हती ती 'सोडतो' म्हणायचे, म्हणजे ती होती असे कबूल करायचे. आईवडिलांनी 'हो' म्हटले तर ती माणसे कुठल्याच देशाची राहत नव्हती. म्हणून पुढे त्यांच्यासाठी प्रश्नाचे शब्द बदलावे लागले.

'नाही' म्हणणाऱ्यांना ट्यूल लेक या वेगळ्या छावणीत पाठवायचे ठरले. मान्झानारमधून सुमारे दोन हजार माणसे मुख्यतः फेब्रुवारी १९४४ मध्ये तिकडे गेली. म्हणजे १९४४ च्या बॅचसाठी ऐन शेवटच्या वर्षाच्या मध्यावर. ज्याने स्वतः काही लिहिले नव्हते असा मुलगाही वडिलांच्या उत्तरामुळे गेला. त्याच सुमारास, जानेवारी १९४४ मध्ये, जपानी वंशाच्या तरुणांना सक्तीची लष्करभरती पुन्हा लागू झाली. नागरिक म्हणून घरी जायला बंदी, सैनिक म्हणून मरायला परवानगी, असा तो हिशेब होता.

हे सगळे चालू असताना बॅचचे संपादक मंडळ शाळेचे इयरबुक तयार करत होते. आपल्याकडच्या शालेय वार्षिकांकात कविता-निबंध जास्त आणि चेहरे कमी. अमेरिकन इयरबुकमध्ये उलट: प्रत्येक विद्यार्थ्याचा फोटो, संघ, मंडळे, नाटके, नाच, आणि शेवटी मित्रांच्या सह्यांसाठी मोकळी जागा. हा साचा असे गृहीत धरतो की सगळे एकाच शाळेत सुखाने शिकले, आता आपापल्या वाटेने जातील आणि वीस वर्षांनी पाने चाळतील. मान्झानारमध्ये यातले एकही गृहीतक खरे नव्हते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ होता: अंक काढायचाच नाही. मनोऱ्यातून कोणी पाहत असताना हसरे फोटो कशाला? ही भूमिका चुकीची म्हणता येत नाही. पण त्या मुलांना घरून आणता आले होते तेवढेच, हातात मावेल इतके सामान. कॅमेरे तर जपानी वंशाच्या लोकांकडून सुरुवातीलाच काढून घेतले होते. अंक काढला नाही तर पंधरा ते अठरा या वयाचा या मुलांजवळ काही पुरावाच राहणार नव्हता.

दुसरा पर्याय: अंक काढायचा, पण छावणी जशी आहे तशी दाखवायची. मनोरे, तारा, धूळ, डिसेंबरचा गोळीबार, ट्यूल लेकला गेलेले मित्र, सगळे. इथे परवानगीचा प्रश्न येतो आणि तो हलका नव्हता. डोरोथिया लँग यांनी १९४२ मध्ये सरकारसाठीच काढलेले फोटो लष्कराने युद्ध संपेपर्यंत दडपून ठेवले. १९४३ च्या शरदात, म्हणजे याच शैक्षणिक वर्षात, अँसेल अॅडम्स मान्झानारमध्ये आले. मनोरे, तारा, पहारेकरी यांचे फोटो काढायचे नाहीत, हे त्यांनाही बजावले होते. त्यांनी मनोऱ्यावर चढून खालच्या छावणीचा फोटो घेतला. मनोरा त्यात दिसत नाही, पण एवढ्या उंचीवरून फोटो कसा काढला, हे ज्याला विचारायचे तो विचारतो. जे नावाजलेल्या गोऱ्या छायाचित्रकाराला खुलेपणाने करता येत नव्हते, ते सतरा वर्षांच्या मुलांनी करावे असे आज आरामात बसून म्हणणे सोपे आहे.

तिसरा पर्याय: बाहेरच्या कुठल्याही अमेरिकन शाळेसारखे इयरबुक. वर्ग, बँड, बेसबॉल, नाटक, वादविवाद मंडळ. धोका उघड होता. प्रशासनाला नेमके हेच हवे होते. 'बघा, मुले किती आनंदात आहेत' असे म्हणून हाच अंक दाखवता आला असता.

चौथा, मधला पर्याय: साचा नेहमीचा ठेवायचा, पण त्यात शाळेबरोबर सगळी वस्ती घ्यायची. मग वाचणाऱ्याला हळूहळू कळेल की या 'शाळे'ला स्वतःचे अनाथालय, इस्पितळ, शेते, मेस आहेत, म्हणजे ही शाळा नक्की कुठे आहे.

काय केले

बॅच तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे कुठेतरी गेली. १९४३-४४ च्या इयरबुकचे नाव ठेवले 'अवर वर्ल्ड'. प्रास्ताविकाचा सूर असा की, शाळा भरू लागल्यापासून इथे सगळ्यांची धडपड एकच होती: 'घरी' जे शालेय आयुष्य होते, त्याच्या शक्य तितके जवळ जायचे. शब्द साधे आहेत, तक्रार नाही. पण 'घरी' म्हटले की आपण घरी नाही, हे आपोआप सांगितले जाते. प्रशासनाला खोडता येणार नाही असे ते वाक्य आहे. मुलांनी ते हिशेबाने लिहिले की सहज लिहून गेली, यावर मी पैज लावणार नाही.

फोटोंचा निर्णय या प्रकरणात सगळ्यांत महत्त्वाचा ठरला, आणि त्यामागे टोयो मियाटाके होते. लॉस एंजेलिसच्या लिटल टोकियो या जपानी वस्तीत त्यांचा स्टुडिओ होता. छावणीत येताना त्यांनी एक भिंग आणि फिल्म ठेवायची चौकट लपवून आणली आणि सुताराकडून लाकडी पेटी करून घेऊन कॅमेरा बनवला. बघणाऱ्याला तो जेवणाचा डबा वाटावा. पुढे हे उघड झाले तेव्हा छावणीचे संचालक राल्फ मेरिट यांनी शिक्षा करण्याऐवजी त्यांना काम करू दिले. अट फक्त एवढी की मियाटाके कॅमेरा लावतील, पण बटण एक गोरा माणूस दाबेल. या अटीतला वेडेपणा काही काळाने प्रशासनालाही जाणवला असावा, ती उठली आणि मियाटाके छावणीचे अधिकृत छायाचित्रकार झाले. इयरबुकचे फोटो त्यांच्या स्टुडिओचे. म्हणून त्यातले चेहरे 'पाहुण्याने टिपलेले कैदी' वाटत नाहीत. आपल्याच आळीतल्या फोटोवाल्याकडे नीट भांग पाडून, इस्त्रीचे कपडे घालून गेलेल्या मुलामुलींचे ते फोटो आहेत.

बाकीचे वर्ष नेहमीच्या कामांत गेले, आणि ती कामे खरोखर केली गेली, हे विसरता कामा नये. 'जाइव्ह बॉम्बर्स' नावाचा नाचाच्या गाण्यांचा बँड होता, मेसमध्ये बाके सरकवून नाच व्हायचे. संगीतशिक्षक लुई फ्रिझेल यांनी गाणाऱ्या मुलांना उभे केले. १९४४ मध्ये छावणीतल्या लोकांनी स्वतःच्या हाताने मोठे सभागृह बांधले. मेसमुळे घरातली एकत्र जेवणाची पंगत मोडली होती. मुले आईवडिलांबरोबर न जेवता मित्रांच्या टोळक्यात जेवत. ज्याला आपण 'वर्ग' म्हणतो तो या मुलांसाठी अर्धेअधिक कुटुंब झाला होता. इयरबुकमधल्या उत्साहाचा अर्थ लावताना मला हे कारण 'प्रशासनाला खूश करणे' यापेक्षा जास्त वजनदार वाटते.

परिणाम

शाळा संपल्यावर वाटा चार होत्या. घरी जाणे त्यांत नव्हते. पश्चिम किनारा २ जानेवारी १९४५ पर्यंत बंदच होता. पहिली वाट कॉलेजची, पण पूर्वेकडच्या किंवा मध्य भागातल्या. क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथातल्या मंडळींच्या पुढाकाराने मे १९४२ मध्ये स्थापन झालेल्या विद्यार्थी पुनर्वसन परिषदेने युद्धकाळात चार हजारांहून अधिक तरुणांना छावण्यांतून कॉलेजांपर्यंत पोचवले. दुसरी, शिकागोसारख्या शहरात नोकरी. तिसरी, सैन्य. चौथी, आईवडिलांजवळ छावणीतच थांबणे. वयस्क आईवडिलांना इंग्रजी येत नसलेल्या घरात थोरल्या मुलीला ही चौथी वाट 'निवडावी' लागली असेल, तर तिला निवड म्हणणे धाडसाचे.

वर्गाध्यक्ष लाझो ऑगस्ट १९४४ मध्ये सैन्यात गेला आणि फिलिपिन्समध्ये लढला. जपानी वंशाचा नसताना छावणीत राहिलेला हा माणूस पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी मोठी देणगी देणाऱ्यांतही होता. १९९२ मध्ये तो वारला. त्याआधी, १९८८ च्या नागरी स्वातंत्र्य कायद्याने अमेरिकेने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक माजी बंदिवानाला २० हजार डॉलर दिले. ज्यांचे शिक्षण त्या हद्दपारीने तुटले, त्यांना मूळ शाळेचे प्रमाणपत्र देता यावे म्हणून कॅलिफोर्नियाने या शतकाच्या सुरुवातीला कायदाही केला. तोवर ती मुले ऐंशीच्या उंबरठ्यावर होती.

मान्झानार नोव्हेंबर १९४५ मध्ये बंद झाले. जाताना माणशी २५ डॉलर आणि प्रवासाचे तिकीट मिळाले. बराकी मोडून विकल्या गेल्या, सभागृह टिकले. आज तिथे राष्ट्रीय स्मारकाचे अभ्यागत केंद्र आहे.

अंकाचे काय झाले? इथे पुढच्या बॅचकडे पाहावे लागते. १९४५ च्या बॅचने इयरबुकचे नाव 'व्हॅलेडिक्शन' म्हणजे 'निरोप' ठेवले, आणि त्यात मियाटाके यांचा एक फोटो घातला: मागे टेहळणी मनोरा, पुढे काटेरी तार, आणि ती तोडायला आलेल्या हातातली पक्कड. १९४४ मध्ये असा फोटो कोणी सुचवला असता का आणि सुचवला तर छापू दिला असता का, हे सांगता येणार नाही. एवढे मात्र दिसते की मधल्या काळात किनारा खुला झाला होता. डिसेंबर १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एन्डो खटल्यात निष्ठावान नागरिकाला अडकवून ठेवता येणार नाही असा निकाल दिला होता आणि युद्धाचा शेवट नजरेत होता. दोन्ही बॅचना छायाचित्रकार एकच, छावणीही एकच. धीट मुले १९४५ ला जन्मली आणि भित्री १९४४ ला, असे कोणी म्हणू नये.

वेगळे काय करता आले असते

'अवर वर्ल्ड'वर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक, हा प्रचार आहे. दुसरे, हा मुलांच्या जिद्दीचा विजय आहे. मला दोन्ही आळशी वाटतात. पहिल्यात मुलांनी केलेल्या कामाला काही किंमत उरत नाही, आणि दुसऱ्यात ज्यांनी त्यांना कोंडले त्यांना हिशेब द्यावा लागत नाही. निर्णय जिथे घेतले तिथेच ते तपासावेत.

नेहमीचा साचा स्वीकारणे मला बरोबर वाटते. त्या मुलांना पुराव्याइतकाच आठवणीचा हक्क होता, आणि आठवणीत बेसबॉलही येतो. फोटो आपल्यातल्या माणसाकडून काढून घेणे हा तर सगळ्यांत शहाणा निर्णय. आज कुठल्याही संकटातल्या शाळेने पहिली गोष्ट विचारावी ती ही: कॅमेरा कोणाच्या हातात आहे?

जिथे मी अडतो ते ठिकाण वेगळे आहे. असा अंक हजर असलेल्यांचा असतो. फोटोच्या दिवशी जो समोर उभा राहतो तो त्यात येतो. शांत गावातल्या शाळेत त्याने काही बिघडत नाही, दोघेतिघे आजारी असतात एवढेच. पण ज्या वर्षाच्या मध्यावर छावणीतली दोन हजार माणसे दुसरीकडे हलवली, त्या वर्षी हजेरीचा हा नियमच एक बाजू घेऊन बसतो. वडिलांच्या 'नाही'मुळे गेलेला मुलगाही याच बॅचचा होता. जवळजवळ दीड वर्ष त्याच जमिनीवर बसून तोही शिकला होता.

संपादक मंडळाला दोन वह्या ठेवता आल्या असत्या: एक छापायची, एक न छापायची. दुसरीत डिसेंबरचा गोळीबार, प्रश्नावलीच्या आठवड्यात वर्गात कोण कोणाशी बोलेनासे झाले, कोणाच्या घरी कशावरून भांडण पेटले, हे लिहून ठेवायचे. मियाटाके यांनी परवानगी मिळण्याआधी लपवलेल्या पेटीने फोटो काढले, तो या दुसऱ्या वहीचाच प्रकार होता. शिक्षकांनी अशी वही सुचवणे धोक्याचे होते, कारण ते सरकारी नोकर. मुलांनी आपणहून ठेवली असती तर तो धोका कमी होता.

आणि गेलेल्यांची यादी. नाव, जुनी शाळा, मान्झानारमधला ब्लॉक, नवा पत्ता. छापील अंकात तिला जागा मिळाली असती की नाही, हे संचालकांना विचारल्यावर कळले असते. मेरिट यांनी कॅमेऱ्याच्या बाबतीत दाखवलेला समंजसपणा पाहता विचारून पाहायला हरकत नव्हती. नकार आला असता तरी यादी हाताशी राहिली असती आणि छापील अंकाच्या प्रती ट्यूल लेकला टपालाने पाठवता आल्या असत्या. हे काम मात्र फेब्रुवारीत, गाडी सुटण्याआधी करावे लागते. जूनमध्ये छपाईच्या धावपळीत पत्ते गोळा करायला कोणाच्याही संपादक मंडळाला वेळ नसतो.